चंदेरी पापुद्रा ते सेंद्रिय सौरघट: ॲलन हीगर यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

वाहक पॉलिमरची, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकची, गोष्ट बहुतेक वेळा एका चुकीपासून सुरू होते. १९६७ साली टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हिदेकी शिराकावा यांच्याकडे आलेल्या एका संशोधकाने ॲसिटिलीनचे पॉलिमर बनवताना उत्प्रेरक हजारपट जास्त घातला आणि काळ्या भुकटीऐवजी चंदेरी पापुद्रा तयार झाला. हे खरेच घडले. पण तो पापुद्रा नुसता चकाकत होता. वीज त्यातून जेमतेमच वाहायची.

तिकडे फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, भौतिकशास्त्रज्ञ ॲलन हीगर आणि रसायनशास्त्रज्ञ ॲलन मॅकडायर्मिड दुसऱ्याच पदार्थाच्या मागे होते. गंधक आणि नायट्रोजनच्या साखळीचा हा सोनेरी पदार्थ धातूचा एकही अणू नसताना धातूसारखी वीज वाहून नेतो. १९७५ मध्ये टोकियोला गेलेल्या मॅकडायर्मिड यांना शिराकावांनी आपला पापुद्रा दाखवला आणि शिराकावांना फिलाडेल्फियाचे निमंत्रण मिळाले. २३ नोव्हेंबर १९७६ रोजी पापुद्र्यावर ब्रोमीनची वाफ सोडली, तशी त्याची वाहकता बघता बघता कोटीपट वाढली.

याचे कारण साखळीच्या घडणीत आहे. पॉलिॲसिटिलीनमध्ये कार्बनचे अणू एकेरी आणि दुहेरी बंधांनी आळीपाळीने जोडलेले असतात. दुहेरी बंधातले काही इलेक्ट्रॉन एकाच अणूशी बांधलेले नसतात, तरी पुढे सरकायला त्यांना मोकळी जागा नसते. ब्रोमीन किंवा आयोडीन साखळीतून इलेक्ट्रॉन ओढून घेते, जागा रिकामी होते आणि वाट खुली होते. १९७९ मध्ये सू आणि श्रीफर या भौतिकशास्त्रज्ञांसोबत हीगर यांनी या साखळीतल्या बंधांच्या क्रमात पडणारी अढी कशी सरकते, याचे गणित मांडले. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या तिघांना मिळाले.

खुद्द पॉलिॲसिटिलीन मात्र हवेत टिकत नाही. माझ्या मते या शोधाचे सर्वांत मोठे फळ धातूसारख्या वाहकतेत नाही. ब्रोमीन न दिलेल्या, साध्या अर्धवाहक पॉलिमरमध्ये आहे. १९९० मध्ये केंब्रिजच्या गटाने अशा पॉलिमरमधून वीज सोडून प्रकाश काढला. मग प्रकाशातून वीज का काढता येऊ नये?

अडचण मुळातली होती. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि त्याने सोडलेली रिकामी जागा लगेच सुटे होतात. प्लास्टिकमध्ये ते एकमेकांना घट्ट धरून राहतात, आणि ही जोडी सुमारे १० नॅनोमीटर जाते न जाते तोच विझते. प्रकाश पुरेसा शोषायचा तर थर साधारण १०० नॅनोमीटर जाड हवा, आणि जोडी तर काठावर पोहोचण्याआधीच संपणार. १९८६ मध्ये कोडॅकच्या चिंग तांग यांनी दोन सेंद्रिय रंगद्रव्यांचे थर एकावर एक ठेवून सुमारे १ टक्का कार्यक्षमता गाठली होती. दोन थरांच्या सीमेवरच जोडी फुटते, हे त्यातून कळले.

हीगर १९८२ पासून कॅलिफोर्नियात सांता बार्बराला होते. तिथे १९९२ मध्ये सर्दार सारिचिफ्तची, फ्रेड वूडल आणि सहकाऱ्यांसोबत त्यांनी पॉलिमरमध्ये ६० कार्बनचा चेंडू, म्हणजे फुलरिन, मिसळून पाहिला. पॉलिमर शोषलेला प्रकाश परत बाहेर टाकतो, ती चमक जवळपास नाहीशी झाली. प्रकाश परत बाहेर पडण्याआधीच, एका पिकोसेकंदाच्याही (सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्याही) आत, इलेक्ट्रॉन फुलरिनवर उडी मारत होता. १९७६ च्या दिवसाइतकी या प्रयोगाची चर्चा होत नाही, व्हायला हवी.

हीगर यांच्या गटाचे पुढचे पाऊल १९९५ चे. थर वेगळे ठेवण्याऐवजी दोन्ही द्रव्ये एकाच द्रावणात मिसळून पसरवली की सीमा आतवर सगळीकडे पसरते, आणि कुठेही तयार झालेल्या जोडीला ती जवळच सापडते. एकरंगी, मंद प्रकाशात त्या घटाने सुमारे २.९ टक्के कार्यक्षमता दिली. त्याच वर्षी केंब्रिजमध्येही दोन पॉलिमर मिसळून असाच घट झाला.

नंतरची वाट संथ होती. हे घट बाजारात आणायला २००१ मध्ये निघालेली कोनार्का कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. खरी उसळी फुलरिन सोडल्यावर आली: २०१९ मध्ये चीनमधल्या यिंगपिंग झोउ यांच्या गटाने नवा इलेक्ट्रॉनग्राही रेणू वापरून १५.७ टक्के गाठले, आणि आता प्रयोगशाळेतले छोटे घट १९ टक्क्यांच्या वर गेले आहेत. मिसळण्याची रीत तीच राहिली. हवा, ऊन आणि उष्णता सोसून वर्षानुवर्षे टिकण्यात मात्र हे घट अजून सिलिकॉनच्या मागेच आहेत.