बारीक बाहुलीमागची दुखावलेली नस

निफाडच्या द्राक्षबागेत कीटकनाशक फवारून आलेल्या माणसाच्या दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या, तर नाशिकच्या दवाखान्यात आधी विषबाधेची शंका येते आणि ती रास्तच असते. एकच बाहुली बारीक असेल, त्याच बाजूची पापणी किंचित उतरली असेल आणि दिवा मालवल्यावर ती बाहुली रेंगाळत मोठी होत असेल, तर मात्र शोध नसेचा घ्यावा लागतो. या आजाराला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात.

१७२७ साली पॅरिसमध्ये वैद्य पूर्फूर द्यु पेती यांनी कुत्र्यांच्या मानेतली अनुकंपी नस, म्हणजे बाहुली मोठी करणारी आणि आपल्या इच्छेविना काम करणारी (सिम्पथेटिक) नस, कापून डोळ्यावरचा परिणाम दाखवला. तोवर ही नस मेंदूतून खाली उतरते असे मानत. ती मानेतून वर डोळ्याकडे जाते, हे त्यांनी ओळखले. १८५१च्या सुमारास बुडगे आणि वॉलर या शरीरशास्त्रज्ञांनी तिचा उगम मज्जारज्जूत, मान आणि छातीच्या सांध्याशी शोधला. नेत्रवैद्य योहान हॉर्नर यांनी १८६९मध्ये चाळिशीतल्या एका स्त्रीच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे ॲट्रोपिन घातले, तेव्हा आजारी बाजूची बाहुली सावकाश आणि अपुरीच मोठी झाली. आजाराला नाव त्यांचे मिळाले, पण माझ्या मते पेतींचे ऋण अधिक मोठे आहे.

ही वाट तीन टप्प्यांची आहे: मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत, तिथून फुप्फुसाच्या टोकावरून जबड्याच्या कोनाजवळच्या चेतापेशींच्या गाठीपर्यंत, आणि पुढे मानेतल्या कॅरोटिड धमनीला बिलगून डोळ्यापर्यंत. चेहऱ्याच्या घामाचे बहुतेक तंतू त्या गाठीपाशीच वेगळे होतात, म्हणून अर्धा चेहरा कोरडा असेल तर इजा सहसा गाठीच्या अलीकडे असते. खांदा आणि हातही दुखत असेल, तर फुप्फुसाच्या टोकाशी कर्करोगाची गाठ आहे का, हे तपासावे लागते.

थेंबांची परीक्षा पुढे आली. कोकेनच्या थेंबांनी बाहुली मोठी झाली नाही, तर अनुकंपी वाट तुटल्याचे कळते, टप्पा कळत नाही. १९७१ साली थॉम्पसन आणि मेन्शर यांनी हायड्रॉक्सीॲम्फेटामिनची चाचणी मांडली: त्याने बाहुली मोठी झाली नाही, तर शेवटचाच टप्पा दुखावलेला. हल्ली आजारी बाहुली मोठी करणारे ॲप्राक्लोनिडिन वापरतात, पण इजेनंतर पहिले काही दिवस त्याचा परिणाम दिसेलच असे नाही. मान किंवा चेहरा एकाएकी दुखून बाहुली बारीक झाली, तर धमनीचे अस्तर फाटलेले असू शकते आणि पक्षाघाताचा धोका याच दिवसांत असतो. तेव्हा थेंबांसाठी न थांबता त्याच दिवशी मानेच्या धमन्यांचे चित्रण करावे लागते.