हृद्‌रोहिण्यांचे कॅल्सीभवन

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या भित्तीत कॅल्शियमचे क्षार साचून ती टणक होण्याची विकृती. रोहिणीच्या आतल्या थरात कोलेस्टेरॉल साचते, दाह होतो, पेशी मरतात आणि त्या अवशेषांवर हायड्रॉक्सिॲपेटाइटचे, म्हणजे हाडातल्याच खनिजाचे, कण धरतात. भित्तीतील काही स्नायुपेशी हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. नळात क्षार बसतात तसे हे नाही, त्यामुळे रिपोर्टात ‘कॅल्शियम’ वाचून दूध सोडण्यात अर्थ नाही.

१९९० मध्ये आर्थर ॲगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवरून हा साठा मोजण्याची रीत मांडली. करड्या हृदयावर पांढरेशुभ्र दिसणारे, १३० हाउन्सफील्ड एककांच्या (सीटीवर घनता मोजण्याच्या एककांच्या) वरचे ठिपके धरायचे, प्रत्येकाच्या क्षेत्रफळाला घनतेनुसार १ ते ४ ने गुणायचे आणि बेरीज करायची; ही बेरीज म्हणजे कॅल्शियम ‘स्कोअर’. ४ चौरस मिलिमीटरच्या ठिपक्याची कमाल घनता ३१० असेल, तर गुणक ३, म्हणून त्याचे १२ गुण. तपासणीला इंजेक्शन लागत नाही.

हृदयविकार नसलेल्या ६,७२२ जणांवर अमेरिकेत झालेल्या ‘मेसा’ अभ्यासाचे २००८ मधील निष्कर्ष बोलके आहेत: शून्य स्कोअरच्या तुलनेत १०१ ते ३०० स्कोअर असलेल्यांना हृद्‌रोहिणी विकाराचा झटका वा तत्सम घटनेचा धोका पावणेआठ पटींच्या जवळपास, ३०० वर नऊ पटींहून अधिक. बोलिव्हियाच्या त्सिमाने आदिवासींत मात्र २०१७ च्या पाहणीत ८५ टक्के प्रौढांचा स्कोअर शून्य निघाला.

इथे एक गल्लत नेहमी होते. स्कोअर ४०० म्हणजे अमुक टक्के ‘ब्लॉकेज’ नव्हे. आकडा रोगाचा एकूण पसारा सांगतो. नळी नेमकी कुठे, किती अरुंद झाली ते अँजिओग्राफीतच कळते. कॅल्शियम न धरलेला मऊ थर फुटूनही झटका येतो, म्हणून तरुण मधुमेही वा धूम्रपान करणाऱ्याने शून्यावर निर्धास्त राहू नये. उलट स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) घेताना धोका घटतो, तरी स्कोअर वाढू शकतो, कारण मऊ थर घट्ट होतो. म्हणूनच औषध चालू असताना स्कोअर पुन्हापुन्हा मोजत बसणे मला निरर्थक वाटते.

कॅल्शियमचे जाड कडे असले की अँजिओप्लास्टी अवघड होते: रोहिणी रुंद करायला आत फुगा फुगवला तरी भित्ती हटत नाही, स्टेंट (आधाराची जाळीदार नळी) अर्धवट उघडतो. अशा वेळी आधी हिऱ्याचे कण बसवलेल्या, वेगाने फिरणाऱ्या टोकाने ते कडे घासतात किंवा मूतखड्याप्रमाणे आघात-लहरींनी त्याला तडे देतात.