खालची कवळी का हलते? दात बसवण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे कवळीची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं खालच्या कवळीचं असतं. वरच्या कवळीला टाळूचा सगळा आधार मिळतो. मध्ये लाळेचा पातळ थर असतो, कडा नीट टेकल्या की हवा आत शिरत नाही आणि कवळी धरून राहते. खाली हिरडीची अरुंद कमान तेवढी, आणि मधे सतत हलणारी जीभ. शिवाय दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, आणि खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. चार-पाच वर्षांपूर्वी घट्ट बसलेली कवळी आता बोलताना उचलते ती त्यामुळेच. हलणाऱ्या कवळीत पावडर भरून दिवस काढू नका. हाड पुरेसं शिल्लक असेल तर आतून नवा थर देऊन, म्हणजे रिलाइन करून, तीच कवळी आणखी काही वर्षं चालते.

सगळे दात गेलेले असतील तर

साधी कवळी अ‍ॅक्रिलिकची. माप घेणं, चावा ठरवणं, मेणावर दात लावून दाखवणं, कवळी देणं आणि मग टोचेल तिथे घासून देणं, असे चार-पाच खेटे होतात. मेणावरच्या ट्रायलला घरच्या कुणाला तरी सोबत आणा. दात मोठे दिसतात की पिवळे, हे तेव्हाच सांगायचं. नंतर बदलणं अवघड जातं. दात काढल्या दिवशीच तात्पुरती कवळी देता येते, पण हिरडी भरून आली की ती सैल होणारच, हे धरून चाला.

हल्ली माप स्कॅन करून कवळी मशीनवरही बनते. तयार अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यातून ती कोरून काढतात, त्यामुळे साच्यात शिजवताना प्लॅस्टिक आकसतं तो प्रश्न येत नाही. दुसरा फायदा आम्हाला जास्त मोलाचा वाटतो: फाइल जपून ठेवली असेल तर कवळी हरवल्यावर पुन्हा मापापासून सुरुवात करावी लागत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये टिश्यूत गुंडाळून ठेवलेली कवळी पत्रावळीबरोबर गेल्याचे किस्से दर लग्नसराईत ऐकू येतात.

खालची कवळी फारच हलत असेल तर आमचा सल्ला बटणाच्या कवळीचा. खालच्या जबड्यात पुढच्या भागात टायटॅनियमचे दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसणारे छोटे स्क्रू, बसवतात. साधारण तीन महिन्यांत हाड त्यांना धरतं, आणि मग कवळी टिचबटणासारखी त्यावर खट्‌कन बसते. रात्री काढून धुता येते. दातांच्या तज्ज्ञांनी 2002 साली मॉन्ट्रिअलला एकत्र येऊन खालच्या बिनदाताच्या जबड्यासाठी हीच पहिली निवड असावी असं म्हटलं होतं. बटणातल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात, त्या अधूनमधून बदलाव्या लागतात. हा खर्च आधीच विचारून घ्या.

चार किंवा जास्त इम्प्लांटवर कायमचे दात बसतात, ते घरी काढता येत नाहीत. चावायला उत्तम, पण सगळ्यात महाग, आणि खालून रोज नेटाने साफ करावे लागतात. हात थरथरत असतील तर आम्ही बटणाची कवळीच सुचवतो.

काही दात शिल्लक असतील तर

कोबाल्ट-क्रोमियमची कास्ट पार्शल, म्हणजे गेलेल्या दातांपुरती धातूच्या सांगाड्याची कवळी, पातळ असते आणि चावण्याचा भार उरलेल्या दातांवरही टाकते. मागच्या दाढा नसतील तर आमची पसंती हिलाच. हुक मात्र दिसू शकतो. नायलॉनची फ्लेक्सिबल कवळी दिसायला छान, तारेविना बसते, म्हणून लोक तीच मागतात. पण ती वाकते आणि सगळा भार हिरडीवर येतो. शिवाय तिला रिलाइन करणं किंवा दात जोडणं कटकटीचं असतं. पुढचे एक-दोन दात असतील तर ठीक. एक दात गेला असेल तर ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारावर बसवलेला पक्का दात) किंवा इम्प्लांट. ब्रिजसाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात, एवढं लक्षात ठेवा.

फुटपाथवर तासाभरात ‘फिक्स दात’ लावून देणाऱ्यांकडे कृपया जाऊ नका. ते शेजारच्या दातांना तार आणि प्लॅस्टिक चिकटवतात. खाली अन्न कुजतं आणि चांगले दातही हलू लागतात. पैशाची अडचण असेल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे वेळ लागतो, पण काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतं.

कवळी घरी आल्यावर

पहिले काही दिवस मऊ भात, खिचडी, मग पोळी. घास दोन्ही बाजूंनी चावा. चकली आणि पेरू नंतर. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने कवळी धुवा. टूथपेस्टने ओरखडे पडतात, गरम पाण्याने आकार बिघडतो. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून सटकली तरी फुटत नाही. रात्री काढून पाण्यात ठेवा. अहोरात्र घालून ठेवली तर टाळूवर बुरशी येऊन लाली चढते. मिश्री आणि तंबाखू इम्प्लांटला मारक आहेत.

पहिल्या भेटीला जुनी कवळी (तुटकी असली तरी), चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि तुमचे दात दिसत असलेला एखादा जुना फोटो आणा. मधुमेह असेल तर ताजा एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) रिपोर्ट लागेल. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतील तर आठवणीने सांगा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. लांबून लोकलने येणाऱ्यांनी दुपारची वेळ मागून घ्यावी.