मांजराचे जंत एका गोळीत का जात नाहीत?

मांजराच्या शेपटीखाली किंवा त्याच्या झोपायच्या चादरीवर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे दिसले, तर जवळ जाऊन बघा. ताजा तुकडा आकसतो, लांबतो, चक्क सरकतो. वाळला की पिवळट होऊन केसांना चिकटून बसतो. हे डायपिलिडियम या पट्टकृमीचे सुटलेले तुकडे असतात आणि त्यांत अंडी ठासून भरलेली असतात.

ही अंडी थेट मांजराच्या पोटात गेली तरी जंत होत नाहीत. आधी ती पिसूच्या अळीने खावी लागतात. अळीची पिसू होते, अंग चाटताना मांजर ती गिळतं आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच दाणे दिसू लागतात. मग ‘औषध लागूच पडलं नाही’ अशी तक्रार होते. बहुतेकदा प्राझिक्वांटेल या पट्टकृमीवरच्या औषधाने पोटातले कृमी मारलेले असतात, पण पिसवा घरातच राहिलेल्या असतात. म्हणून गोळीबरोबरच पिसवांचं औषध द्या, अंथरूण गरम पाण्यात धुवा आणि घरातल्या सगळ्या मांजरांवर एकाच वेळी उपचार करा. मात्र कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका. त्याने झटके येऊन मांजर दगावू शकतं.

पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना गोलकृमी आईच्या दुधातूनच मिळतात. पोट नगाऱ्यासारखं, बाकी अंग हडकुळं, केस निस्तेज, कधी उलटीत शेवयांसारखे जंत. पायरँटेल किंवा फेनबेंडाझोलसारखं औषध तिसऱ्या आठवड्यापासून सुरू करून दूध सुटेपर्यंत दर पंधरा दिवसांनी देतात, पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत दरमहा. आईलाही सोबतच द्यायचं. एका डोसाने भागत नाही, कारण दुधातून नव्या अळ्या येतच राहतात. मोठ्या मांजरांत बाहेर हिंडणाऱ्या, उंदीर मारणाऱ्याला वर्षातून किमान चारदा औषध लागतं. घरातच राहणाऱ्याला एक-दोनदा पुरतं. डोस वजनावर ठरतो, तेव्हा पिल्लाला अंदाजाने अर्धी गोळी देऊ नका. वजन करून डॉक्टरांना विचारा.

गोलकृमीची अंडी माणसाच्या, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात गेली, तर अळ्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही पोहोचतात. पण ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधक नसतात, त्यांना पिकायला दोन-तीन आठवडे तरी लागतात. लिटर बॉक्स रोज साफ केला, तर तेवढी मुदतच त्यांना मिळत नाही.