शेगडीचा जेट का बदलतात: ब्रिटनच्या गॅसबदलाची पार्श्वभूमी

सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला की कंपनीचा माणूस शेगडी उलटी करतो, आतला छोटासा पितळी जेट, म्हणजे गॅस सोडणारी भोकाची तोटी, काढतो आणि जास्त मोठ्या भोकाचा बसवतो. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत हे काम चहा उकळेपर्यंत उरकले आहे. हेच काम, पण उलट्या दिशेने, ब्रिटनने १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत अख्ख्या देशात केले. सव्वा कोटीहून जास्त ग्राहक आणि तीन कोटींहून जास्त शेगड्या, भट्ट्या, गीझर, खोली तापवायची उपकरणे. प्रत्येकाला कुणीतरी हात लावला.

त्याआधी तिथे नळाने येई तो टाउन गॅस, म्हणजे कोळशाचा गॅस. विल्यम मरडॉकने १७९२ च्या सुमारास कॉर्नवॉलमधल्या रेड्रुथला आपल्या घरात त्यावर दिवे लावले आणि १८१२ मध्ये लंडनला गॅस पुरवणारी पहिली सनदी कंपनी उभी राहिली. पुढे गावोगावी गॅसचे कारखाने झाले. बंद भट्टीत हवा न लागू देता कोळसा तापवायचा, निघालेला वायू धुवून-गाळून लोखंडी टाक्यांत साठवायचा. मागे कोक (जळणाला चालणारा भाजलेला कोळसा), डांबर आणि अमोनिया उरे. कोक विकत आणायला पोरे जुनी बाबागाडी घेऊन कारखान्याच्या फाटकाशी जात. डांग्या खोकल्याच्या मुलांना डांबराचा वास घ्यायला मुद्दाम तिथे नेत असत, कारण त्या वाफेने छाती मोकळी होते असा समज होता. घरात नाण्यांवर चालणारा मीटर असे. नाणे टाकले की तेवढा गॅस. वसुलीचा माणूस आला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर नाणी ओतून मोजायचा आणि हिशेबापेक्षा जास्त पडलेली परत द्यायचा. त्या परतीच्या पैशांची वाट पाहणाऱ्या आया अनेकांच्या आठवणीत आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे गणित बिघडू लागले. १९४९ मध्ये गॅसधंद्याचे राष्ट्रीयीकरण होऊन बारा प्रादेशिक बोर्डे झाली, पण चांगला कोळसा महाग होत चालला होता. १९५९ च्या फेब्रुवारीत ‘मिथेन पायोनियर’ हे जहाज अमेरिकेतून अतिथंड द्रवरूप नैसर्गिक वायू घेऊन टेम्सच्या मुखाशी कॅन्व्ही बेटाला लागले. १९६४ पासून अल्जीरियाचा वायू नियमित येऊ लागला. मधल्या काळात अनेक कारखाने कोळसा सोडून नाफ्था या खनिज तेलातून निघणाऱ्या हलक्या द्रवापासून गॅस बनवू लागले होते. मग १९६५ च्या सप्टेंबरात ‘सी जेम’ या समुद्रात पायांवर उभ्या केलेल्या खोदकामाच्या फलाटाला उत्तर समुद्रात वायू सापडला. त्याच वर्षी २७ डिसेंबरला तो फलाट कोसळला आणि तेरा माणसे गेली. घराघरांत निळी ज्योत पोचली तिच्या मुळाशी हे तेरा जीव आहेत. त्यांचा उल्लेख टाळून हा इतिहास सांगूच नये.

पण हा वायू आहे तसा जुन्या शेगडीत जाळता येत नव्हता. टाउन गॅसमध्ये निम्म्याच्या आसपास हायड्रोजन, म्हणून ज्योत भरभर पेटणारी. नैसर्गिक वायू जवळजवळ सगळा मिथेन. त्याची उष्णता तेवढ्याच आकारमानात सुमारे दुप्पट, त्याला हवाही कितीतरी जास्त लागते आणि ज्योत इतकी सावकाश चालते की जुन्या बर्नरवर ती उचलली जाऊन विझते. नवा वायू पुन्हा पातळ करून टाउन गॅससारखा करण्याचाही पर्याय होता. त्याऐवजी सगळे बर्नर बदलायचे ठरले. माझ्या मते हाच सर्वांत धाडसी निर्णय होता, कारण त्यासाठी लाखो अनोळखी घरांचे दार ठोठावावे लागणार होते.

कॅन्व्हीवर आधी प्रयोग झाला. मग १९६७ मध्ये बर्टन-ऑन-ट्रेंटपासून सुरुवात झाली. कोणाकडे कोणती शेगडी आहे याची नोंद आधीच घरोघर फिरून घेतलेली असे. ठरल्या दिवशी एकेका वस्तीचा पुरवठा बंद होई, नळांत उरलेला जुना गॅस रस्त्यावर उभारलेल्या उंच नळ्यांतून जाळून टाकत आणि फिटर मंडळी सुट्या भागांची खोकी घेऊन घरात शिरत. हे काम घरमालकाला फुकट होते. ज्या शेगड्यांना भागच मिळत नसत, त्यांच्या जागी दुसऱ्या द्याव्या लागत. तोवर घरात गरम जेवण नाही. रस्त्याखाली वेगळाच घोळ झाला. ओतीव लोखंडी नळांचे सांधे ताग आणि शिसे ठोकून भरलेले होते. जुना गॅस दमट, त्यामुळे ताग फुगलेला राही. नवा वायू कोरडा. ताग सुकून आकसला आणि सांधे गळू लागले. शेवटी नळांतून ग्लायकोल या ओलावा धरून ठेवणाऱ्या द्रवाची वाफ सोडून तो पुन्हा फुगवावा लागला. १९७० मध्ये प्राध्यापक मॉर्टन यांना सुरक्षिततेची चौकशी करायला नेमले गेले.

टाउन गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असे, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. नुसत्या गळतीनेही माणूस दगावे. नाफ्थाच्या गॅसमध्ये हे विष कमी झाले आणि उत्तर समुद्राच्या वायूत ते नव्हतेच. १९६३ ते १९७५ या काळात इंग्लंड-वेल्समधल्या आत्महत्या सुमारे एक तृतीयांशाने घटल्या आणि संशोधकांनी त्याचे मोठे श्रेय घरातले विष नाहीसे होण्याला दिले. ज्यांनी बर्नर बदलले त्यांना आपण किती माणसे वाचवतो आहोत याची कल्पना नव्हती. स्वस्त आणि भरपूर इंधन, एवढाच त्यांच्यापुढचा हेतू होता.

१९७७ मध्ये एडिंबराला शेवटचे घर बदलले. नॉरफोकमधल्या फेकनहॅमचा छोटा कारखाना १९६५ लाच बंद पडला होता. त्याच्या भट्ट्या आता संग्रहालयात पाहता येतात.

मुंबईलाही कोळशाचा गॅस नवा नव्हता. १८३४ मध्ये अर्देशीर कर्सेटजी वाडियांनी माझगावच्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले आणि १८६५ पासून रस्त्यांवर बॉम्बे गॅस कंपनीचे दिवे पेटले. लालबागला आजही गॅस कंपनी लेन आहे. मात्र इथे एका गॅसवरून दुसऱ्यावर सरळ उडी पडली नाही, मध्ये सिलिंडरची काही दशके आली. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय या तेल-वायू क्षेत्राचा शोध १९७४ चा. १९९५ मध्ये पाइपने गॅस पुरवणारी महानगर गॅस स्थापन झाली तेव्हा गेल या सरकारी वायू कंपनीच्या जोडीला भागीदार होती ब्रिटिश गॅस, म्हणजे बर्टनच्या दारोदार फिटर पाठवणाऱ्या त्या बोर्डांचीच वारस. आपल्याकडे सिलिंडरचा गॅस मिथेनपेक्षा जड आणि जास्त उष्णतेचा, म्हणून भोक मोठे करावे लागले. तिकडे ते लहान करावे लागले होते.