सावंतवाडीच्या राजवाड्यातल्या गंजिफा

सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, आणि लाकडी खेळणी यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही कला संस्थानी राजवटीत वाढली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ती वाचली संस्थान गेल्यावर, आणि खरी गंमत तिथेच आहे.

गंजिफा मुळात इकडच्या नव्हेत. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. मुघली जोडात, म्हणजे पत्त्यांच्या संचात, ८ रंग आणि ९६ पानं. दख्खनेत आणि कोकणात या खेळाने वेगळा अवतार घेतला, तोही अक्षरशः: मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, अशी १२० गोल पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती तो डाव सुरू करणार, रात्री कृष्णाचा. एवढं सगळं डोक्यात ठेवून खेळणाऱ्यांना खरंच दाद द्यायला हवी.

सध्याचा राजवाडा उभारला तो संस्थानिक तिसऱ्या खेमसावंतांनी (कारकीर्द १७५५ ते १८०३). जांभ्या दगडाची ही वास्तू मोती तलावासमोर आहे. पानं करायचे ते चितारी, त्यांची वस्ती चितार आळीत. फडक्याचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, मग रंग आणि लाख. दरबारासाठी नजाकतीने रंगवलेला जोड तो दरबारकलम, चार पैशांत मिळणारा तो बाजारकलम. छापील ५२ पत्त्यांचा स्वस्त कॅट घरोघर पोचला आणि बाजारकलमाचं गिऱ्हाईक आटलं. हातानं १२० पानं रंगवणाऱ्याला छापखान्याच्या भावाशी बरोबरी करणं शक्यच नव्हतं. चितार आळीने लाकडी फळं आणि खेळण्यांवर भर दिला. हलक्या पांगाऱ्याच्या लाकडातले आंबे, केळी, सीताफळं आजही तिथल्या दुकानांत टांगलेली दिसतात.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. पुढे सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफांकडे लक्ष वळवलं, तोवर हे काम जाणणारे जवळजवळ उरलेच नव्हते. पुंडलिक चितारी तेव्हा ऐंशी ओलांडलेले. राजांनी त्यांना नुसती ऑर्डर दिली असती तर एखाददुसरा जोड वाड्याच्या कपाटात गेला असता आणि विषय संपला असता. त्याऐवजी दोघंही त्यांच्याकडे शिकायला बसले. ज्यांच्या घराण्यासाठी चितारी पिढ्यान्‌पिढ्या पानं रंगवत आले, त्यांनीच हाती कुंचला धरला. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाडांच्या कन्या. त्यांनी नंतर गावातल्या मुलामुलींना शिकवलं आणि सत्तरच्या दशकात वाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ची कार्यशाळा उभी राहिली. जातीने चितारी नसलेले हातही यात आले. माझ्या मते हा बदल राजघराण्याच्या आश्रयाइतकाच महत्त्वाचा होता, त्याची चर्चा मात्र कमी होते.

बाहेरच्यांचं लक्षही हळूहळू वळलं. मुंबईत स्थायिक झालेले कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतभरातल्या गंजिफा जमवल्या, आणि १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं. शिवरामराजे १९९५ मध्ये गेले, सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये. कार्यशाळा थांबली नाही.

आता दरबार हॉलमध्ये गेलात तर कारागीर मांडी घालून, बारीक कुंचल्याने माशाचे खवले काढताना दिसतील. दशावतारी जोडाबरोबर पाट, चौरंग, पेट्या, दिवेही होतात, आणि पर्यटक बहुधा तेच नेतात. जोड घेणारेही तो खेळण्यासाठी घेत नाहीत, चौकटीत लावतात किंवा पेटीत जपतात. मानांकनाने नकली माल रोखायला कायद्याचा आधार मिळाला. पण डाव मांडणारी चार माणसं कोकणात तरी कुठे सापडतात? पानं रंगवायला शिकवणारा वर्ग वाड्यात उभा राहिला, खेळायला शिकवणारा अजून राहायचा आहे.