नकाशावरचं वर्तुळ आणि खुन्याचं घर

शहराचा नकाशा. त्यावर कंपासचं टोक रोवलं जातं आणि एक वर्तुळ उमटतं, मग त्याच्याबाहेर आणखी मोठं. जिथे लहान मुलीचा खून झाला तिथपासून शोधाचा घेर वाढत चाललाय. फ्रिट्झ लांग यांच्या 'एम' या १९३१ सालच्या जर्मन चित्रपटातलं हे काही सेकंदांचं दृश्य. पुढे हॉलिवुडमध्ये 'फिल्म न्वार' म्हणून नावारूपाला आलेल्या अंधाऱ्या, सावल्यांनी भरलेल्या गुन्हेपटांचा हा पूर्वज. खुन्याच्या भूमिकेतल्या पीटर लोरे यांचा भेदरलेला चेहरा आणि त्या खुन्याची शीळ लोकांच्या लक्षात राहते. मी मात्र दर वेळी त्या वर्तुळापाशी थांबतो.

चित्रपट पडद्यावर आला तेव्हा जर्मनीत हा विषय ताजा होता. ड्युसेलडॉर्फ शहराला १९२९ साली एकामागून एक खुनांनी हादरवून सोडणारा पेटर क्युर्टन १९३०च्या मे महिन्यात पकडला गेला. त्या प्रकरणावर लिहिताना बर्लिनच्या खून-तपास विभागाचे प्रमुख एर्न्स्ट गेनाट यांनी 'एकामागून एक खून करणारा' या अर्थाचा जर्मन शब्द वापरला, आपण आज सर्रास म्हणतो त्या 'सिरियल किलर'चा थोरला भाऊ. चित्रपटातला जाडजूड इन्स्पेक्टर लोमान गेनाट यांच्यावरच बेतलेला आहे. आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला सांगायलाच हवी. लांग यांच्यासोबत ही पटकथा लिहिली त्यांच्या तेव्हाच्या पत्नी थेआ फॉन हार्बू यांनी. घटस्फोटानंतर त्यांनी लग्न केलं ते बेळगावजवळच्या बेळगुंदीचे पत्रकार अयी तेंडुलकर यांच्याशी.

तर, ते वर्तुळ. पडद्यावरचे पोलीस सगळं करतात. ठसे मोठे करून पाहतात, पत्रातलं अक्षर तज्ज्ञाला दाखवतात, रात्री अड्ड्यांवर छापे घालतात. ठसा खोटं बोलत नाही. पण ज्याचा ठसा आधी दप्तरी नाही, त्याच्यापर्यंत तो पोचवत नाही. आणि वर्तुळ? ते गुन्ह्याच्या जागेभोवती काढलंय. शोधायचंय मात्र घर. एका ठिपक्यावरून घर सापडणार नाही. दहा-पंधरा ठिपके असतील तर मात्र प्रश्न उलटा मांडता येतो: हे सगळे ठिपके कुठून निघालेल्या माणसाचे असतील?

हा उलटा प्रश्न प्रत्यक्ष तपासात कसा उतरला, याची माझ्या मते सगळ्यात चटका लावणारी गोष्ट इंग्लंडमधली. १९७५ ते १९८० या काळात यॉर्कशायर आणि मँचेस्टर परिसरात तेरा स्त्रियांचे खून झाले. त्यातच कुणीतरी 'मीच खुनी' असं सांगणारी ध्वनिफीत पाठवली. आवाजातल्या बोलीवरून पोलीस सुंदरलँड भागाकडे वळले. फीत खोटी होती. शेवटी १९८०च्या डिसेंबरात तपासाचा फेरआढावा घ्यायला बसलेल्या मंडळींमध्ये स्टुअर्ट काइंड हे न्यायवैद्यक शास्त्रज्ञ होते. महायुद्धात त्यांनी विमानात दिशादर्शकाचं काम केलेलं. नकाशा हाताळायची सवय जुनी. त्यांनी विचार केला तो असा: खून आणि खुनाचे प्रयत्न मिळून सतरा हल्ल्यांच्या जागी सतरा टाचण्या टोचल्या. आता अठरावी टाचणी कुठे टोचावी, म्हणजे तिथून बाकी सगळ्यांपर्यंत दोरा नेताना तो कमीत कमी लागेल? टाचणी ब्रॅडफर्डजवळ आली. त्यांनी हल्ल्यांच्या वेळाही पाहिल्या. उशिरा रात्रीचे हल्ले घराजवळ असणार, कारण माणसाला परतायचं असतं, संध्याकाळचे दूरचे. खुनी ब्रॅडफर्ड परिसरातच, मॅनिंगहॅम आणि शिपलीच्या मधे कुठेतरी राहत असावा, असं त्यांनी लिहून दिलं.

पुढच्या महिन्यात, २ जानेवारी १९८१ रोजी, शेफील्डमध्ये गाडीच्या खोट्या नंबरप्लेटमुळे पीटर सटक्लिफ पकडला गेला. तो राहत होता ब्रॅडफर्डच्या हीटन भागात, मॅनिंगहॅम आणि शिपलीच्या मधे. पोलिसांनी त्याची आधी नऊ वेळा चौकशी केलेली होती. नाव कागदांत होतंच. पण हजारो नावांच्या ढिगात आधी कोणतं उचलायचं, हे सांगणारं काही नव्हतं. त्या टाचण्या दोन वर्षं आधी टोचल्या असत्या तर, हा विचार मनातून जात नाही.

व्हँकुव्हरचे पोलीस अधिकारी किम रॉस्मो यांनी १९९०च्या दशकात गुन्हेशास्त्रात डॉक्टरेट करताना याला नीट गणिती रूप दिलं. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, घरापासून अंतर वाढत जातं तसे गुन्हे विरळ होतात. लांब जायला वेळ लागतो आणि अनोळखी भागात माणूस बिचकतो. दुसरी, अगदी घराच्या आसपासही गुन्हे कमी असतात, कारण गल्लीत ओळखीचे डोळे असतात. म्हणजे घराभोवती एक रिकामं कडं, त्यापलीकडे दाटी, मग विरळ. संगणक नकाशाचे हजारो चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाला विचारतो: तू घर असतास, तर हे ठिपके असे पडले असते का? अंतरही सरळ रेषेत मोजायचं नाही; रस्त्याने आडवं-उभं चालावं तसं मोजायचं. उत्तर 'अमुक घर' असं येत नाही. कुठून सुरुवात करा, एवढंच ते सांगतं.

ही पद्धत सगळीकडे लागू पडत नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ साली इंग्लंडमधल्या ४५ सराईत बलात्काऱ्यांचा अभ्यास केला. एकमेकांपासून सर्वांत दूरचे दोन गुन्हे हा व्यास धरून वर्तुळ काढलं, तर ८७ टक्के जणांचं घर आत सापडलं. उरलेल्यांपैकी कुणी रोज नोकरीला जावं तसा दुसऱ्या भागात जाऊन गुन्हे करत असेल, तर वर्तुळ फसतं. आणखी एक प्रयोग मला फार आवडतो: सामान्य विद्यार्थ्यांना एक-दोन साधे नियम समजावून दिले, तर त्यांचे अंदाज संगणकाच्या जवळपास जातात.

पुढे हे गणित जीवशास्त्रज्ञांच्या हाती पडलं. दक्षिण आफ्रिकेच्या फॉल्स उपसागरात सील या समुद्री प्राण्यांवर झडप घालणारे पांढरे शार्क, घरट्यापासून लांबची फुलं धुंडाळणाऱ्या गुबगुबीत बंबलबी माश्या, दोन्हींवर ते लावून पाहिलं गेलं. मग रोगांवर. लंडनच्या सोहो भागातल्या १८५४च्या कॉलऱ्याचे जुने मृत्यू-ठिपके दिले, तेव्हा तेरा पंपांपैकी ब्रॉड स्ट्रीटचा पंप पहिला आला. डॉक्टर जॉन स्नो यांनी तेव्हा पायपीट करून हुडकलेला तोच. कैरोमधल्या मलेरियाच्या १३९ रुग्णांचे पत्ते दिले. खऱ्या दोषी डासांच्या अळ्या सापडलेल्या सात पाणवठ्यांपैकी सहा, नकाशाने आधी शोधायला सांगितलेल्या पहिल्या दोन टक्के भागात निघाले.

इथे मला मुंबई आठवते. तिथला मलेरियाचा डास गच्चीवरच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. पालिकेची माणसं उन्हातान्हात शिडी लावून एकेक झाकण उघडून बघतात, इमारतीमागून इमारत. रुग्णांचे पत्ते दवाखान्यांत नोंदलेले असतातच. ते ठिपके नकाशावर टोचले, तर शिडी आधी कुठल्या भिंतीला लावायची हे सकाळी निघण्यापूर्वीच ठरवता येईल.